दोन शिक्क्यांमधले दिवस

युद्धनौकेवरून आलेल्या पत्रावर नौकेचं नाव शोधायला गेलात, तर ते बहुधा सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरून निघालेल्या कितीतरी पाकिटांवर ‘पोस्ट ऑफिस मेरीटाइम मेल’ एवढेच शब्द आहेत. बंदराचं नाव नाही, जहाजाचं नाही. शेजारी सेन्सॉरचा शिक्का असतो. जहाजावरच्याच एका अधिकाऱ्यानं पत्र वाचलं आणि जाऊ दिलं, असा त्याचा अर्थ. टपालाची थैली शत्रूच्या हाती लागली तरी कोणतं जहाज कुठं आहे हे त्याला कळू नये, म्हणून ही काळजी घेतलेली होती. अमेरिकेची रीत वेगळी. त्यांच्या मोठ्या जहाजांवर स्वतःची टपाल कचेरी असते आणि तिच्या शिक्क्यात जहाजाचं नाव असतं. असे शिक्के जमवणाऱ्यांनी १९३२ साली तिकडे एक संस्थाही काढली. पण युद्धात उतरल्यावर त्यांनीही शिक्क्यांतून जहाजांची नावं काढून टाकली. म्हणजे ज्या वर्षांची पाकिटं संग्राहकाला सगळ्यात जास्त हवी असतात, नेमकी तीच मुकी आहेत.

माझा संग्रह एकाच जहाजाचा आहे. ते १९४२ साली स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत पाण्यात उतरलं. नाव ‘रॉदरहॅम’, जात विनाशिका, लांबी ३५८ फूट. हिंदी महासागरात लढलं. सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूरचा नौदल तळ जपान्यांच्या हातून परत घेतला गेला, तेव्हा ते तिथं होतं. १९४९ मध्ये त्याच्याच जातीच्या आणखी दोन जहाजांबरोबर ते भारतानं घेतलं. ती दोन झाली ‘राणा’ आणि ‘रणजित’, आणि हे झालं ‘राजपूत’. १९६१ च्या गोवा मुक्तीच्या वेळी ते विमानवाहू ‘विक्रांत’च्या ताफ्यात होतं, १९७१ च्या युद्धात विशाखापट्टणमला होतं आणि १९७६ साली सेवेतून निवृत्त झालं. सांगाडा तोच, पण दोन नावं, दोन झेंडे आणि दोन युद्धं. टपालाच्या अभ्यासकाला आयुष्यभर पुरेल एवढा हा ऐवज आहे.

मी राहतो त्या अकोल्यापासून समुद्र पाच-सहाशे किलोमीटर दूर. जुन्या शहरातल्या माणसाला मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातली मोर्णा, किंवा श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला कावडीनं येतं ते गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी. इथं बसून विनाशिकेची पाकिटं कशाला जमवायची, असं मला अनेकांनी विचारलं आहे. उत्तर साधं आहे. पत्र समुद्रावर लिहिलं जातं, पण ते टिकतं गावात, घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. ज्या मुलखातून मुलं नोकरीला बाहेर गेली, त्या मुलखातच ती पत्रं आहेत. वऱ्हाड त्यातलाच आहे.

या नादाला मी लागलो तो जिनिंग फॅक्टरीच्या कचेरीत. मी तिथं हिशेबनीस होतो. कापसाच्या हंगामात मुंबईच्या दलालांची, गिरण्यांची, विमा कंपन्यांची पत्रं ढिगानं येत. हंगाम संपला की रिकामी पाकिटं रद्दीत जात, आणि त्याआधी कोणीतरी तिकिटांचे कोपरे कातरून नेत असे. आमच्या आळीत रेल्वे मेल सर्व्हिसमधून निवृत्त झालेले एक काका राहत. रात्रीच्या गाडीच्या टपालडब्यात उभं राहून पत्रांची छाटणी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मी त्यांना मुंबईहून आलेली काही जुनी पाकिटं दाखवली. त्यांनी तिकिटांकडे पाहिलंही नाही. पाकीट उलटं केलं, मागचा शिक्का वाचला आणि म्हणाले, “तिकीट तं साऱ्या देशात सारखंच राह्यते बाबू. शिक्का मात्र एकाच जागी, एकाच दिवशी पडते. तुले काय जपाचं हाये ते तू पाह्य.”

पुढं काय जमवायचं ते मी त्या दिवशी ठरवलं. पुढचा शिक्का म्हणजे पत्र निघाल्याचा दिवस, मागचा म्हणजे पोचल्याचा. त्या काळी पोचल्याचा शिक्काही जिथल्या तिथं मारला जाई. काका पाकीट हातात घेऊन ते कोणत्या गाडीनं आलं असेल, कुठं थांबलं असेल, रविवार मध्ये आला का, हे सांगत. मधले दिवस मोजायची सवय मला त्यांनी लावली. एखाद्या पत्राला नेहमीपेक्षा दोन दिवस जास्त लागले असतील तर ते का लागले, हे शोधण्यात माझे रविवारच्या रविवार गेले आहेत आणि त्यांपैकी एकही वाया गेला असं मला वाटत नाही.

आपल्या नौदलाची पद्धत ब्रिटिशांच्या वळणाची. विनाशिकेवर वेगळी टपाल कचेरी नाही. खलाशांची पत्रं थैलीत बंदरावर जातात, नाहीतर सुट्टी मिळालेला खलाशी किनाऱ्यावरच्या साध्या पेटीत पत्र टाकतो. घरून येणाऱ्या पत्रांसाठी पत्ता जहाजाच्या नावाचा असतो, ‘द्वारा फ्लीट मेल ऑफिस’. त्यामुळे शिक्क्यावरून कळतं ते बंदर, आणि जहाज कळतं ते पाठवणाऱ्यानं कोपऱ्यात लिहिलेल्या दोन ओळींवरून. लिलावाच्या याद्यांमध्ये ‘राजपूतचा शिक्का’ असं लिहिलेलं दिसलं की मी आधी तो कोपरा पाहतो. तो कोरा असेल तर पाकीट कितीही देखणं असो, माझ्या कामाचं नाही.

१९७१ सालची पाकिटं तपासायला आणखी एक साधन आहे. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा कर बसला. खास तिकीट १ डिसेंबरला निघालं. तोवर कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ असा ठसा मारून काम भागवलं. कर ३१ मार्च १९७३ पर्यंत चालला. त्यामुळे तारखेचा शिक्का पुसट असला तरी पाच पैशांचं ते तिकीट काळाची हद्द सांगतं. तसाच पिन कोड. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणून ७१ सालच्या म्हणवल्या जाणाऱ्या पत्त्यात सहा आकडे दिसले की संशय घ्यायचा. ही पिन पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतचे पंडित आणि स्वतः तिकिटांचे जाणकार. पत्ता लिहिताना आपण रोज त्यांचं काम वापरतो, पण मराठी घरांत त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं याचं मला वाईट वाटतं.

आता त्या पेटीबद्दल सांगतो. जुन्या शहरातच, डाबकी रोडच्या अंगाला एक जुनं मातीचं घर पाडायचं होतं आणि सामान बाहेर काढणं चाललं होतं. घरातले आजोबा नौदलात होते, राजपूतवर इंजिनाच्या खात्यात. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजी होत्या. पेटीत त्यांच्या लग्नापासूनची सगळी पत्रं होती, बहुतेक निळी अंतर्देशीय. नातवानं मला बोलावलं, पण पेटी आजींची होती, म्हणून मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “याच्यात काय पाह्यता भाऊ? सारं घरचंच हाये. बैल इकला का, पोराचा ताप उतरला का. लढाईचं काई नाही त्याच्यात.”

अंतर्देशीय पत्राची अडचण अशी की त्याचं पाकीट आणि मजकूर एकाच कागदावर असतो. पाकिटातून पत्र काढून घरच्यांच्या हाती देता येतं आणि पाकीट आपल्याला पाहता येतं, पण इथं शिक्का बघायला कागद हातात घेतला की मजकूरही समोर येतो. म्हणून मी पत्रं घडी न उलगडता पाहीन असं कबूल केलं. दुपारभर मी फक्त बाहेरची बाजू पाहत होतो. मग आजींनीच नातीला हाक मारली आणि एक पत्र वाचायला सांगितलं.

त्या पत्राचा विशाखापट्टणमचा शिक्का फिसकटलेला होता. वर्ष कळत होतं आणि दिवसाचा शेवटचा आकडा नऊ वाटत होता. शेजारी ठसा मारलेलं कुटुंब नियोजनाचं तिकीट होतं, म्हणजे १५ नोव्हेंबरनंतरचं. मागं अकोल्याचा ७ डिसेंबरचा शिक्का स्वच्छ. नातीनं वाचलं तेव्हा मजकुराच्या डोक्यावर तारीख नव्हती, नुसतं ‘सोमवार’ होतं. २९ नोव्हेंबर १९७१ हा सोमवार. घरी पोचायला आठ दिवस लागले. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झालं, ते या आठ दिवसांत. त्याच रात्री राजपूत विशाखापट्टणमच्या बंदरातून बाहेर पडली.

पत्रात होतं ते आजींनी आधीच सांगितलं होतं. तुरीचं पीक कसं आहे, धाकट्याचा ताप, थोरल्याची शाळा. शेवटी ‘मी मजेत आहे, काळजी करू नये’. मी म्हटलं, हे पत्र आलं तेव्हा जीव भांड्यात पडला असेल. आजी म्हणाल्या, “कायचा पडते? आमी रेडिओवर लढाई ऐकली, मंग हे आलं. पण लिवलं होतं लढाईच्या पहिले. तवा बरे होते, आता कसे हायेत ते याच्यात कुठं हाये? मीनं पोस्टमनले पुसलं, हे कधी टाकलं म्हून. त्यानं शिक्का पाहून सांगलं.”

एवढी वर्षं मी शिक्के वाचत होतो ते मार्ग ठरवायला, दर ठरवायला, अस्सल-नकली ठरवायला. पत्रातली खुशाली पहिल्या शिक्क्याइतकीच ताजी असते आणि पुढच्या दिवसांची हमी त्यात नसते, हे त्या बाईनं १९७१ साली दारात उभं राहून ओळखलं होतं. अक्षरं वाचता येत नसताना. ९ डिसेंबरला आपली युद्धनौका ‘खुकरी’ दीवजवळ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी समुद्रात गेले, ही बातमी पुढं देशभर पोचली. आजी म्हणाल्या, जहाजाचं नाव दुसरं आहे असं शाळेतल्या गुरुजींनी समजावलं, पण गुरुजी गेल्यावर ते खरं वाटेना. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. त्यानंतर टाकलेलं पत्र आलं ते महिना संपता संपता. पेटीत ते सगळ्यात वर होतं, आणि वर्षानुवर्षं ते तिथंच ठेवलेलं होतं.

राजपूत त्या दिवसांत काय करत होती, हे आजींना नवऱ्याकडून कितीतरी नंतर कळलं. विक्रांत शोधून बुडवायला पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली होती. पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी विक्रांत दूर अंदमानकडे पाठवली आणि तिचं सोंग म्हातारी झालेल्या राजपूतला दिलं. ती विशाखापट्टणमच्या बाहेर समुद्रात जाऊन मोठ्या जहाजाला शोभेल इतके बिनतारी संदेश पाठवत राहिली. बंदरात विक्रांतच्या नावानं शिधा मागवला गेला. आणि एक संदेश मुद्दाम उघड्या भाषेत गेला, खाजगी तारेसारखा. विक्रांतवरचा कोणी खलाशी आजारी आईची प्रकृती विचारतो आहे, असा. कृष्णन यांनीच हे लिहून ठेवलं आहे.

हे वाचल्यापासून ती तार माझ्या डोक्यातून गेलेली नाही. शत्रूला पटेल असं खोटं रचायचं होतं, तर एवढ्या अनुभवी दर्यावर्दी माणसानं निवडलं काय? तोफा नाहीत, इंधन नाही, आईचं दुखणं. खलाशी समुद्रावरून घरी काय विचारतो हे दोन्हीकडच्या नौदलांना ठाऊक होतं, म्हणून ते खपणार होतं. आणि त्याच जहाजाच्या इंजिनखोलीतला अकोल्याचा माणूस त्याच पंधरवड्यात खरोखर विचारत होता, धाकट्याचा ताप उतरला का. माझ्या मांडणीत त्या अंतर्देशीय पत्राच्या शिक्क्यांचं छायाचित्र आहे आणि त्याच्या खाली मी या तारेची हकीकत दिली आहे. महापेक्ससारख्या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात येणारे लोक त्या पानापाशी थांबतात. एका परीक्षकांनी, छायाचित्राला गुण नसतात, ते पान काढा, असा सल्ला दिला होता. नियमानं त्यांचं बरोबर होतं. पान मी ठेवलं.

गाझी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशीच बुडाली. राजपूतनं टाकलेल्या डेप्थ चार्जेसनी, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या स्फोटकांनी, फुटली असं आपण म्हणतो, स्वतःच्याच सुरुंगांच्या स्फोटात गेली असं पाकिस्तान म्हणतं. वाद मिटलेला नाही आणि तो मिटवणं पाकिटांच्या अभ्यासकाचं काम नाही. मला दिसतात ते आतले ९३ जण. १४ नोव्हेंबरनंतर त्यांच्या नावानं टाकलेलं एकही पत्र त्यांच्या हातात पडलं नसेल. पाणबुडी गुप्त मोहिमेवर, तिला टपाल कुठून मिळणार? घरच्यांनी मात्र लिहिलंच असेल. राजपूतच्या मांडणीत गाझीसाठीही मी एक पान ठेवलं आहे. त्यावर फक्त दोन तारखा आहेत. काहींना ते आवडत नाही. माझ्या मते त्या पानाशिवाय संग्रह अर्धा राहिला असता.

बाजारात बुडालेल्या जहाजांवरच्या माणसांची ‘शेवटची पत्रं’ म्हणून माल येतो आणि भाव चढतो. मी तो घेत नाही. अस्सल असेल तर ते कोणाच्या तरी घरचं आहे, आणि नसेल तर कोणाच्या तरी मरणावर केलेला धंदा आहे. नौदल दिनाची, जहाजांच्या वर्धापनदिनाची खास पाकिटं सुबक असतात आणि मुलांना नाद लावायला त्यांच्यासारखं काही नाही. पण ती संग्राहकांसाठीच छापलेली असतात. ज्या पाकिटातून खरोखर कोणी काही कळवलं, ते मळकं असलं तरी मला मोलाचं.

जपणुकीबद्दल मुंबई-पुण्याच्या पुस्तकांत जे असतं ते वऱ्हाडात जसंच्या तसं चालत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढं जातो. तिकिटाचा डिंक वाळून तडकतो, जुना कागद वाकवला की मोडतो. माणसं कूलर लावतात, पण कूलरची हवा ओली असते. ज्या खोलीत संग्रह आहे तिथं मी तो कधीच लावला नाही. त्या खोलीच्या भिंती जाड मातीच्या आहेत, तेवढा गारवा पुरतो. पावसाळ्यात कसर आणि वाळवी. कडुनिंबाचा पाला कपड्यांत ठीक, कागदाला डाग पाडतो. डांबरगोळ्या मी पाकिटांजवळ येऊ देत नाही. सेलोटेप तर कधीच नाही, ती दहा वर्षांत पिवळी पडते आणि खालची शाई घेऊन जाते. लॅमिनेशन केलेली पत्रं लोक मोठ्या कौतुकानं दाखवायला आणतात, तेव्हा माझ्याच्यानं बोलवत नाही. त्या पत्राचा कागद परत मोकळा होत नाही.

रॉदरहॅमच्या काळातलं माझ्याकडचं सगळ्यात चांगलं पाकीट रिकामं आहे. इंग्लंडमधून कोणीतरी जहाजावर पाठवलेलं. पत्ता जहाजाच्या नावानं, द्वारा जीपीओ, लंडन. समुद्रावर जहाज कुठंही असो, घरच्यांना एवढाच पत्ता माहीत. जहाजावरून निघालेल्या पत्रांवर नाव झाकलेलं, जहाजाकडे निघालेल्यांवर ते उघड लिहिलेलं. तरीही ही दुसऱ्या जातीची पाकिटं फार थोडी मिळतात. कारण उघड आहे. खलाशाकडे झोपायची जागा आणि सामानाचा एक कप्पा. पत्र दोन-चारदा वाचायचं आणि टाकून द्यायचं. राजपूतचंही तेच. अकोल्यात आलेली पत्रं पेटीत राहिली, अकोल्याहून गेलेलं एकही मला मिळालेलं नाही. आजी स्वतः लिहू शकत नव्हत्या, गुरुजींकडून लिहवून घेत. धाकट्याचा ताप उतरल्याचं गुरुजींच्या अक्षरातलं पत्र कधी निघालं आणि राजपूतवर कधी पोचलं, हे कळायला कागद उरलेला नाही. आजोबांच्या नंतरच्या पत्रात मात्र ‘ताप उतरल्याचे कळले’ अशी ओळ आहे. ती नातीनं मला आपणहून वाचून दाखवली.

ती पेटी मी घेतली नाही. आजींनी देऊ केली होती, पण नात ती पत्रं वाचायला लागली होती. मी घरच्यांना कागद कसे ठेवायचे ते दाखवलं, बाहेरच्या बाजूंची छायाचित्रं काढली, आणि प्रत्येक पत्राचा निघाल्याचा आणि पोचल्याचा दिवस एका वहीत लिहून वही पेटीतच ठेवली. आता नात फोन करते. कुठला तरी शिक्का लागला नाही की तारीख विचारते. एकदा तिनं स्वतःच वार आणि तारीख जुळवून मला सांगितली, आणि ती बरोबर होती.

अकोला, अमरावती, वाशीम, बुलडाणा या जिल्ह्यांतली अनेक माणसं नौदलात आणि सैन्यात होती. सैन्याच्या टपाल सेवेचं केंद्रही आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे. घर पाडताना, वाटण्या करताना अशी पत्रं हाती लागली तर तिकीट कापू नका, पाण्यात भिजवू नका, चिकटपट्टी लावू नका. पत्र कोणाचं, तो माणूस कोणत्या जहाजावर किंवा पलटणीत होता, हे सांगणारं कोणी घरात हयात असेल तर त्यांना आजच विचारा आणि वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं लिहून सोबत ठेवा. राजपूतचं काही निघालं तर मला जुन्या शहरात येऊन भेटा. शिक्के मी वाचून देईन, पत्रं तुमच्याच घरी राहतील.